घाटात सगळ्यांनी सोबत चढायचं की ज्याच्या त्याच्या वेगाने? (वरंधा – आंबेनळी – पसरणी)

सह्यचक्री | १२ नोव्हेंबर, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी. प्रश्न एका ओळीचा आहे, पण वर्षभर डोक्यातून जात नाहीये, म्हणून सविस्तर लिहितो.

आम्ही सहा मित्र, सगळे पुण्याचे, चाळीस ते पंचावन्न वयाचे. रविवारी सिंहगड पायथा नाहीतर पानशेत, आणि वर्षातून एक मोठी फेरी. गेल्या डिसेंबरात तीन दिवसांत तीन घाट केले. पहिल्या दिवशी पुणे-भोर-वरंधा-महाड, साधारण १३० किमी. दुसऱ्या दिवशी महाड-पोलादपूर-आंबेनळी-महाबळेश्वर. हे अंतर साठच्या आत, पण कोकणाच्या तळापासून थेट साडेतेराशे मीटरवर. तिसऱ्या दिवशी पाचगणी, पसरणी उतरून वाई, आणि हायवेने घरी.

पहिला दिवस झकास गेला. भोर सोडल्यावर नीरा देवघर धरणाचं पाणी कितीतरी वेळ सोबत असतं, वाघजाईला भजी खाल्ली, संध्याकाळी महाडात.

दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला निघालो. पोलादपूरला नाश्ता, कापडे गावापर्यंत सगळे एकत्र. चढ लागल्यावर आमचा नेहमीचा नियम, ज्याने त्याने आपल्या वेगाने चढायचं आणि वाडा कुंभरोशीला थांबायचं. मी आणि आणखी दोघे साडेदहाला वाड्यात. मग बाकीचे दोघे आले. बापू (आमच्यातला वयाने मोठा, ५४, सायकल हायब्रिड, म्हणजे रोडबाईक आणि डोंगरी सायकल यांच्या मधली) आला नाही. तो नेहमीच सावकाश चढवतो, म्हणून चहा झाला, वडापाव झाला, फोटो झाले. फोनला रेंज नाही. दीड तासाने खालून आलेल्या एका टेम्पोवाल्याने गाडी हळू करून सांगितलं, “तुमचा एक माणूस खाली सायकल ढकलत येतोय.”

मी सायकल वळवून खाली गेलो. पाच-सहा किलोमीटरवर एका वळणावर कठड्यावर बसला होता. बूट काढलेले, मोजे कठड्यावर वाळत घातलेले. मागचं टायर खडीने बाजूने फाटलं होतं. ट्यूब त्याच्याकडे होती, पंप माझ्या पिशवीत. मला बघून एवढंच म्हणाला, “आलास होय.” आम्ही टायरच्या आतून चिक्कीचा रिकामा कागद लावला, ट्यूब बदलली, हवा भरली आणि वर आलो. पुढे महाबळेश्वरपर्यंत मी त्याच्यासोबतच चालवली.

त्याने त्यावर कधी एक शब्द काढला नाही. पण तेव्हापासून मोठ्या फेरीचं विचारलं की “बघू” म्हणतो. जानेवारीत पुन्हा तोच मार्ग करायचा आहे आणि बापूशिवाय मला जायचं नाही. तर सांगा, तुमचे गट घाट कसे चढतात? एकत्र, की आपापल्या वेगाने?

---

कासवछाप | १२ नोव्हेंबर, रात्री १०:५२

एकत्र. दुसरं उत्तरच नाही. जो सगळ्यांत हळू, त्याचा वेग तोच गटाचा वेग. एकट्याने वेळ मारायची असेल तर एकट्याने जावं, मित्रांबरोबर निघालात तर मित्रांबरोबर पोचा.

---

चढवय्या | १२ नोव्हेंबर, रात्री ११:२०

कासवछाप, भावना पटते, पण तुम्ही सांगताय ते चढावर जमत नाही. कारण सांगतो.

सपाटीवर गटाने चालवण्यात खरा फायदा असतो. तिथे ताकदीचा मोठा वाटा हवा कापण्यात जातो, आणि पुढच्याच्या चाकामागे राहिलं की मागच्याचा बराच भार हलका होतो. सहा टक्के चढावर ताशी आठ-दहाच्या वेगाला वारा काही अडवत नाही, सगळी लढाई वजनाशी. तिथे कोणी कोणाला ओढू शकत नाही.

दुसरं म्हणजे गिअर. माझ्या रोडबाईकला पुढे ३४ दातांची आणि मागे सगळ्यांत मोठी चकती २८ दातांची. मिनिटाला ७० वेळा पाय फिरवले की वेग येतो साधारण पावणेअकरा. मित्राच्या हायब्रिडला पुढे २८, मागे ३२. त्याच ७० ला त्याचा वेग पावणेआठच्या आसपास. त्याच्या वेगाने जायचं तर मला मिनिटाला पन्नास वेळाच पाय फिरवावे लागतात, प्रत्येक वेळी जोर देऊन. तासाभरात गुडघे बोलायला लागतात. आणि तो माझ्या वेगाने आला तर त्याची छाती फुटते. हळू जाणाऱ्याला वाटतं, आपल्यामुळे बाकीचे अडकलेत. मग तो दमलेला असूनही रेटतो आणि माथ्याच्या तीन किलोमीटर अलीकडे संपतो. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

म्हणून आपापला वेग, पण थांबे जवळ जवळ. कापडे ते वाडा हा एकच टप्पा ठेवला ती चूक झाली असं मला वाटतं. दर पाच किलोमीटरच्या दगडाला थांबायचं, आणि शेवटचा माणूस येऊन पाणी पिईपर्यंत कोणी हलायचं नाही.

---

आडवाटेची_अनू | १२ नोव्हेंबर, रात्री ११:४१

मला एकच विचारायचंय. बापूंची ट्यूब बापूंकडे आणि पंप तुमच्याकडे, असं का?

---

मिसळप्रेमी | १३ नोव्हेंबर, सकाळी ७:०५

वाघजाईच्या भज्यांवर एकच ओळ? धाग्याचा निषेध. :)

---

सातारी_कंदी | १३ नोव्हेंबर, सकाळी ७:३०

मिसळप्रेमी, भज्यांआधी तिथली माकडं बघा. गेल्या वर्षी आमच्या एकाच्या हँडलबारच्या पिशवीची चेन माकडाने उघडली, आतली केळी घेतली आणि चेन उघडीच टाकून कठड्यावर जाऊन बसलं. घाटात खाणं बंद डब्यात आणि डबा पाठीवरच्या पिशवीत.

मूळ प्रश्नावर: वाडा कुंभरोशी ते महाबळेश्वर हा टप्पा लोक विसरतात. प्रतापगड फाटा आला की घाट संपल्यासारखं वाटतं, वाड्यात गरम पोळीभाजी मिळते, पाय थंड होतात. आणि त्यानंतर पुन्हा वीस-एक किलोमीटर चढ आहे, मेटतळ्यावरून, दाट झाडीतून. रस्ता सुंदर, पण दमलेल्या माणसाचं मन तिथे मोडतं. पहिल्यांदा जाणाऱ्याला हे आधी सांगा. चढ किती उरलाय हे माहीत असलं की माणूस टिकतो.

---

भाऊ_१९५४ | १३ नोव्हेंबर, सकाळी ९:१२

तरुण मंडळींचं वाचून बरं वाटलं. आम्ही कॉलेजात असताना, १९७४ च्या डिसेंबरात, सातजण पुण्याहून महाबळेश्वरला सायकलने गेलो होतो. तेव्हा पुणं सायकलींचं शहर होतं, सकाळी लक्ष्मी रोडला नुसत्या घंट्या. बावीस इंची सायकली, गिअर नावाला नाही. पुढे चव्वेचाळीस दात, मागे अठरा, लोखंडी फ्रेम, कॅरिअरला वळकटी बांधलेली.

गिअर नसल्यामुळे तुमचा प्रश्न आमच्यापुढे आलाच नाही. पसरणीच्या पहिल्या मोठ्या वळणावर जो कोणी पहिला उतरेल, त्याच्यामागे सगळे उतरत. मग सायकल हातात धरून घाटभर पायी. बारा किलोमीटर गप्पा मारत, गाणी म्हणत चढलो. खाली धोमचं धरण तेव्हा बांधायचं चाललं होतं, कृष्णेचं खोरं वरून सबंध दिसायचं.

आणि येतानाही घाटाच्या वरच्या भागात सायकली हातातच. त्या सळीच्या ब्रेकचा भरवसा नव्हता. आमच्यातल्या एकाचा रबराचा ठोकळा पाचगणीतच निघून पडला होता. त्याला सोडून बाकीच्यांनी बसून उतरणं कोणाच्या मनातही आलं नाही.

आता तुमच्या सायकली चढतात, आनंद आहे. पण पायी चढण्यात कमीपणा मानू नका. बापूंना ढकलत यावं लागलं याचं मला वाईट वाटलं नाही. एकट्याला ढकलत यावं लागलं, याचं वाटलं.

---

कासवछाप | १३ नोव्हेंबर, सकाळी ९:४०

भाऊकाका, शेवटचं वाक्य काळजाला लागलं. मला हेच म्हणायचं होतं.

---

ग्रनोबलकर | १३ नोव्हेंबर, दुपारी ४:१८

मी मूळचा सांगलीचा, नोकरीनिमित्त आठ वर्षं फ्रान्समध्ये, आल्प्सच्या पायथ्याशी. इथे घाटाच्या रस्त्यांवर सायकलवाल्यांसाठी दर किलोमीटरला छोटे दगड असतात. त्यावर तिथली उंची आणि पुढच्या किलोमीटरचा सरासरी चढ लिहिलेला. सातारी_कंदी म्हणतात ते अगदी खरं, पुढचा किलोमीटर नऊ टक्के आहे हे आधी कळलं की माणूस श्वास राखून ठेवतो.

आल्प द्युएझ हा इथला प्रसिद्ध घाट. १३.८ किमी, सरासरी ८.१ टक्के. वळणं २१, आणि त्यांना खालून वर उलटे आकडे आहेत. तळाला २१, माथ्यापाशी १. प्रत्येक वळणावर टूर द फ्रान्समध्ये तिथे जिंकलेल्यांच्या नावाची पाटी. उभा चढ अकराशे मीटरच्या आसपास, म्हणजे आंबेनळी-महाबळेश्वरपेक्षा थोडा कमीच. फरक एवढाच की तिथे तो चौदा किलोमीटरांत कोंबलाय, आपल्याकडे तो चाळीसांत पसरलाय. त्यामुळे तिथे पाय जळतात, आणि आपल्याकडे ऊन आणि तासनतास चालणारी चढण माणसाला खाते.

इथल्या गटांचा रिवाज: चढ आपापला, माथ्यावर सगळे थांबतात, उतार मात्र ठरलेल्या क्रमाने. माथा येतो तिथे बहुधा चहा-कॉफीची जागा असते, त्यामुळे थांबणं सोपं जातं.

---

सह्यचक्री | १३ नोव्हेंबर, रात्री ९:०२

सगळ्यांचे आभार. भाऊकाका, तुमचा प्रतिसाद बायकोला मोठ्याने वाचून दाखवला.

अनूताई, तुमच्या प्रश्नावर दिवसभर विचार करतोय. आम्ही वजन वाटून घेतो. पंप माझ्याकडे, टायर काढायच्या पट्ट्या दुसऱ्याकडे, चेनचं हत्यार तिसऱ्याकडे, औषधं चौथ्याकडे. ट्यूब मात्र ज्याची त्याच्याकडे, कारण मापं वेगळी.

---

आडवाटेची_अनू | १३ नोव्हेंबर, रात्री ९:३०

म्हणजे सामान एकत्र राहण्याच्या हिशेबाने वाटलेलं आणि चढ वेगवेगळं जाण्याच्या हिशेबाने ठरवलेला. दोन्ही नियम आपापल्या जागी बरोबर आहेत. दोन्ही एकाच वेळी लावले की मधला माणूस कठड्यावर बसतो.

मी बेचाळीसाव्या वर्षी सायकल घेतली, नाशिकला असते. आमच्या बायकांच्या गटात पहिल्याच कसाऱ्याला एकीची चेन तुटली होती. चेनचं हत्यार जिच्याकडे, ती इगतपुरीत पोचलेली. त्या दिवसापासून नियम: पंप, दोन ट्यूब, पट्ट्या, पॅच, अ‍ॅलन की आणि तुटलेली चेन जोडायची कडी, हे प्रत्येकीच्या स्वतःच्या सायकलवर. सगळं मिळून एक किलोही भरत नाही. आणि नुसतं असून चालत नाही. प्रत्येकीने घरी दोनदा मागचं चाक काढून ट्यूब बदलून दाखवायची, मगच घाटात यायचं. पुढचं चाक कोणीही काढतं, मागच्याला चेन आडवी येते, तिथे हात काळे झाल्याशिवाय शिकता येत नाही.

---

ब्रेव्हेवाला | १३ नोव्हेंबर, रात्री १०:४४

अनूताईंना माझं पूर्ण अनुमोदन. लांब पल्ल्याच्या ब्रेव्हेमध्ये (म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची सायकलफेरी: २०० किमी साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ४०० सत्तावीस, ६०० चाळीस) मूळ तत्त्वच स्वावलंबन आहे. वाटेत तुमची गाडी मदतीला येऊ शकत नाही. सोबतचा सायकलवाला थांबून मदत करतो, आणि बहुतेक करतातच, पण ती धरून चालायची नाही.

दिव्यांचंही तेच. तुमच्या तिसऱ्या दिवशी वाईहून सुरूरला हायवे लागला की पुढे खंबाटकीचा बोगदा आहे. पुण्याकडे येणारी वाहतूक बोगद्यातून जाते. भर दुपारी पोचलात तरी मागचा लाल दिवा प्रत्येकाचा स्वतःचा आणि चालू हवा.

---

चढवय्या | १३ नोव्हेंबर, रात्री ११:०५

मान्य. माझ्या पहिल्या प्रतिसादात सामानाचा विचारच नव्हता. आपापल्या वेगाने चढणाऱ्या गटाला आपापलं सामान हवंच. वेगाबद्दलचं मत मात्र तसंच आहे.

---

गगनबावडेकर | १४ नोव्हेंबर, सकाळी ६:४०

आमच्या कोल्हापूरकडे ट्रेकवाले करतात तसं करा की. एक पुढे, एक शेवटी, आणि शेवटच्याने कोणालाही मागे ठेवायचं नाही. आम्ही गगनबावड्याहून करूळ उतरून भुईबावड्याने परत चढतो तेव्हा शेवटच्या माणसाची पाळी दर टप्प्याला बदलते. कोणा एकावर भार येत नाही, आणि सगळ्यांत ताकदीचा गडीसुद्धा कधीतरी मागे राहून दुसऱ्याचा घाट बघतो. जोराचा गडी मागे आला की त्याला कळतं, सातच्या वेगालापण काय काय दिसतं. करूळला मी मागं राहिलो तेव्हा पहिल्यांदा शेकरू बघितलं, अगदी फांदीवर, तांबूस शेपटी खाली सोडलेली. पुढं पळत असतो तर दिसलं नसतं.

---

चोर्ल्याचा_वारा | १४ नोव्हेंबर, सकाळी ८:१५

गोव्यातून नमस्कार, आम्ही साखळीहून चोर्ल्याला चढतो. गगनबावडेकरांची पद्धत आमचीही. एक भर घालतो: उतारावर मात्र गट मोडा. चढावर माणूस दमतो, उतारावर पडतो. प्रत्येक सायकलमध्ये मोठं अंतर ठेवा. पसरणीसारख्या लांब उतारावर रिमला घासणारे ब्रेक सतत दाबून ठेवू नका, रिम तापते आणि आतली ट्यूब फुटू शकते. वळणाच्या आधी जोरात दाबायचं, वेग कमी करायचा, वळणात सोडायचं. आतल्या बाजूचं पॅडल वर. आणि नजर जिथे जायचंय तिथे, खड्ड्याकडे बघितलं की सायकल खड्ड्यातच जाते.

---

पोटरीचा_डॉक्टर | १४ नोव्हेंबर, दुपारी २:२०

धागा आवडला. माझा व्यवसाय वैद्यकीय, छंद सायकल. थोडा हिशेब मांडतो.

माणूस आणि सायकल मिळून ९० किलो, उभा चढ १३०० मीटर धरू. ९० × ९.८ × १३०० म्हणजे साधारण साडेअकरा लाख जूल. हे झालं नुसतं वर उचलण्याचं काम. शरीर इंधनाच्या साधारण पाव भागाचंच काम करतं, बाकी उष्णता होऊन घामावाटे जातं. म्हणजे फक्त त्या चढासाठी साधारण अकराशे किलोकॅलरी लागतात. पोलादपूरच्या दोन इडल्यांवर ते भागत नाही.

म्हणून भूक लागायच्या आधी खा. दर अर्ध्या तासाला थोडं: केळं, राजगिऱ्याचा लाडू, खजूर, गूळ-शेंगदाणे. कोकणच्या बाजूने चढताना डिसेंबरातही दहानंतर ऊन भाजतं. नुसतं पाणी पीत राहू नका, घामातून मीठही जातं. लिंबू-मीठ-साखर घातलेली एक बाटली आणि साध्या पाण्याची एक, आलटून पालटून. कोकम सरबत मीठ घालून, उत्तम.

पोटरीत गोळा आला तर उतरा, टाच जमिनीला टेकवून पंजा स्वतःकडे ओढा आणि हळूहळू ताण द्या. आणि एक गंभीर गोष्ट: चढावर छातीत दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, दरदरून थंड घाम, असं काही झालं तर “दम लागला असेल” म्हणून पुढे जाऊ नये. थांबा, बसा, गाडी थांबवून खाली दवाखान्यात न्या. पन्नाशीच्या माणसाला घाटात एकटं सोडू नये याचं माझ्या लेखी सगळ्यांत मोठं कारण हे आहे. पंक्चरवर ढकलत येता येतं, यावर येत नाही.

---

चढवय्या | १४ नोव्हेंबर, दुपारी ३:००

डॉक्टर, हा मुद्दा माझ्या बाजूने कुणीच खोडू शकत नाही. माझ्या वडिलांना पहिला त्रास झाला तो पर्वतीच्या पायऱ्यांवर. तेव्हा सोबत कोणी नव्हतं.

ठीक. शेवटच्या माणसाजवळ कायम एक जण, हे मी माझ्या गटात आजपासून लावतो.

---

मिसळप्रेमी | १४ नोव्हेंबर, दुपारी ३:२५

चढवय्या, _/\_

---

खोपोलीकर | १४ नोव्हेंबर, रात्री ८:५०

घाटांचा विषय निघाला आणि बोरघाट नाही, असं कसं चालेल. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत हा घाट पहिला चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात, आम्ही लहानपणी वळणावर बादली आणि तांब्या घेऊन उभे राहायचो, सायकलवाल्यांच्या डोक्यावर पाणी ओतायला.

जुन्या रस्त्यावर शिंग्रोबाचं देऊळ आहे. इंग्रजांना डोंगरातून वाट सापडेना, ती शिंग्रोबा धनगराने दाखवली, अशी आमच्याकडची कथा. ट्रकवाले अजून तिथे नाणं टाकून पुढे जातात. मी सायकलवरून उतरून टाकतो. ज्याला वाट माहीत होती, त्याचं देऊळ घाटाच्या मध्यावर आहे, माथ्यावर नाही, हे मला फार आवडतं.

---

सातारी_कंदी | १५ नोव्हेंबर, सकाळी ७:१०

वा खोपोलीकर.

सह्यचक्री, मला एक वेगळा उपाय सुचतोय. एकत्र की वेगळे, हा वाद निघतो तो सगळे एकाच वेळी निघतात म्हणून. बापूंना आधी निघू द्या. वाडा ते महाबळेश्वर वीस किलोमीटर धरा. बापूंचा वेग सात, तुमचा दहा. बापूंना पावणेतीन तासांहून थोडं जास्त लागेल, तुम्हाला दोन. बापू आणि एक सोबती पन्नास मिनिटं आधी निघाले की सगळे माथ्यावर एकदमच पोचता. शिवाय पुढचा माणूस अडकला तर मागून येणाऱ्यांना तो आपोआप सापडतो. तुम्ही उलट केलंत, अडकलेला मागे राहिला, आणि मागे बघायला कोणी नव्हतं.

---

आडवाटेची_अनू | १५ नोव्हेंबर, सकाळी ७:४२

हे फार छान. हळू जाणारा पुढे असेल तर सगळा गटच त्याच्या मागे असतो. आम्ही हे कधी केलं नाही, पुढच्या रविवारी करून बघणार.

---

कासवछाप | १५ नोव्हेंबर, सकाळी ८:०३

मलाही पटलं. कासवाला आधी सोडा, ससा झोपला तरी काळजी नाही. :)

---

ब्रेव्हेवाला | १५ नोव्हेंबर, सकाळी १०:३०

वरंध्याची चौकशी मात्र निघायच्या आदल्या दिवशी करा. पावसाळ्यात दरडींमुळे बंद ठेवतात, आणि पावसाळ्यानंतरही दुरुस्तीची कामं निघतात. २०२१ च्या जुलैत महाबळेश्वरला एका दिवसात ५९४ मिमी पाऊस पडला, त्यात आंबेनळीचा रस्ताही जागोजागी खचला होता. नवीन केलेल्या पट्ट्यांच्या कडेला मोकळी खडी असते. बापूंचं टायर बहुतेक तिनेच फाडलं असणार. समोरून गाडी आली की आपण कडेला सरकतो आणि खडीत जातो.

---

सह्यचक्री | १५ नोव्हेंबर, रात्री १०:१०

सातारी_कंदी, कागदावर मांडून बघितलं. बापूला अजून सांगितलेलं नाही. रविवारी त्याच्या घरी जाऊन सांगतो, फोनवर नाही. पुढे काय झालं ते इथेच लिहीन.

---

सह्यचक्री | २१ जानेवारी, रात्री ९:३५

काल परत आलो. पाच गेलो (एकाच्या मुलीचं लग्न), बापू होता.

नोव्हेंबरात त्याच्या घरी गेलो तेव्हा हा धागा त्याला वाचायला दिला. चष्मा लावून सगळा वाचला, भाऊकाकांचा प्रतिसाद दोनदा. मग आतून स्वतःचा नवीन पंप आणून दाखवला. जुलैतच घेतला होता. म्हणाला, “मला सोडून पुढे गेलात त्याचं काही नाही रे. घाट ज्याचा त्यानेच चढायचा. पण ट्यूब माझ्या हातात होती आणि पंप तुझ्या पिशवीत. दीड तास ती ट्यूब हातात घेऊन बसलो होतो. तेव्हा वाटलं, मी तुमच्या भरवशावर आलोय आणि तुम्हाला ते माहीतच नाही.” वर्षभर मी वेगाचा विचार करत होतो आणि तो पंपाचा. अनूताई, तुम्ही ते दुसऱ्याच ओळीत विचारलं होतं.

या वेळी पाचही जणांकडे पूर्ण सामान. प्रत्येकाने माझ्या गच्चीवर मागचं चाक काढून दाखवलं, मला सगळ्यांत जास्त वेळ लागला, बावीस मिनिटं.

आंबेनळीत शेवटच्या माणसाची पाळी दर टप्प्याला बदलली. वाड्याहून बापू आणि एक जण पन्नास मिनिटं आधी निघाले. आम्ही तिघे मागून. मेटतळ्याच्या पुढे झाडीत धुकं होतं, वळणापलीकडचं दिसत नव्हतं. आधी बापूची घंटी ऐकू आली, मग त्याचा मागचा लाल दिवा. त्याला वाटेत काही झालं नाही, पंक्चरही नाही. शेवटचे दोन किलोमीटर सगळे त्याच्याच वेगाने. चढवय्या, गुडघे थोडे बोलले, पण दोनच किलोमीटर.

---

भाऊ_१९५४ | २१ जानेवारी, रात्री १०:०१

बापूंना माझा नमस्कार सांगा. पुढच्या वेळी वाईत माझ्याकडे जेवायला या, घर कृष्णेच्या घाटाजवळच आहे.

---

सह्यचक्री | २१ जानेवारी, रात्री १०:१२

भाऊकाका, नक्की. बापू शेजारीच बसलाय, तो म्हणतो मासवडी असेल तर पुढच्या महिन्यातच.

---

नवा_सायकलवाला | २२ जानेवारी, सकाळी ८:२०

पूर्ण धागा एका बैठकीत वाचला. एक बारीक प्रश्न: बापूंच्या हायब्रिडला आता टायर कोणतं? माझीही हायब्रिड आहे आणि फेब्रुवारीत पहिल्यांदाच पसरणी चढायचा विचार आहे.

---

सह्यचक्री | २२ जानेवारी, सकाळी ९:०५

७०० × ३५, बाजूला जाड कापडाचा थर असलेलं. वजन थोडं वाढतं, पण खडीत निश्चिंत. ट्यूब घेताना मोटारसायकलसारख्या जाड वॉल्व्हची घ्या, म्हणजे वाईत नाहीतर पाचगणीत कुठल्याही पंक्चरवाल्याकडे हवा भरता येते. पंप तरीही स्वतःचा ठेवा. आणि पसरणी सकाळी सातच्या आत सुरू करा, त्यानंतर पर्यटकांच्या गाड्या वाढतात.